आत उघडणारा दरवाजा

शेकोटीत आणखी दोन पऱ्हाट्या टाका रे. आणि दीपक, तो मोबाइल खिशात ठेव. हसीब वेल्डर माझ्या चांगल्या ओळखीचा. खोटं बोलायचंच असतं, तर सख्ख्या भावाच्या मरणावर बोलला नसता.

यंदाच्या संक्रांतीची आदली रात्र. धुळ्यातली एक जुनी टॉकीज पाडायला काढली होती. काय इमारत होती बाबा! दर्शनी भिंतीवर चुन्याचं कमळ, दोन्ही अंगांना गोल जिने, बायकांची बाल्कनी निराळी. बांधणाऱ्यानं बठ्ठं, अगदी सगळं, हौसेनं केलं आणि एका ठिकाणी माती खाल्ली. बाहेर पडायचे लोखंडी दरवाजे आत उघडायचे. त्यात खेळ सुरू झाला, की फुकटे घुसू नयेत म्हणून डोअरकीपर बाहेरून कडी लावायचा. एकदा भरल्या खेळात चाकू निघाले. माणसं दाराकडे पळाली, एकमेकांवर पडली. बाहेरून कडी निघाली, पण आतून सगळी गर्दी दाराला रेटलेली, दार आत ढकलणार कसं? बायापोरं तिथंच चेंगरली. टॉकीज कायमची बंद पडली. कडी लावणारा डोअरकीपर नूर महंमद, म्हणजे हसीबचा बाप.

आता त्याच टॉकीजमध्ये हसीब आणि धाकटा आतिफ रेलिंग कापायला गेले. गॅस संपला. आतिफ म्हणाला, "भाई, तुम सिलिंडर लाओ, मैं तब तक बोल्ट खोलता."

कापलेलं लोखंड भंगारचोर पळवतात. म्हणून हसीबनं जाताना बाहेरून कडी सारली. बापाचाच हात तो, दुसरं काय!

टेम्पोपर्यंत पोचला नाही, तोच दार वाजलं.

"आता हूँ रे, दम रख!"

थापा वाढल्या. वरून. खालून. गुडघ्याच्या उंचीवरूनही... एका माणसाच्या नव्हत्या त्या.

"भाई! दरवाजा खोल! ये लोग..."

हसीब धावला. कडी काढली. खांदा लावला. दार हलेना. आत बायका किंचाळत होत्या. मध्येच आतिफ.

"भाई... छाती..."

कडाड! हाड मोडलं. दाराखालून रक्त आलं. ऊन ऊन. हसीबच्या पायाला लागलं.

"कुंडी मैंने लगाई! मुझे लो! उसको छोडो!"

...

...हसतो कोण रे? गप बस.

दार अलगद उघडलं. आत रिकाम्या खुर्च्या. दाराशी आतिफ, पालथा. बरगड्या पिचलेल्या.

डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या गर्दीत सापडला हा?" हसीब बिचारा रडतही नव्हता.

पोस्टमॉर्टेम झालं. भावाला शेवटची आंघोळ हसीबनं स्वतः घातली. रक्त गेलं, धूळ गेली. मग कुशीवर वळवलं...

पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, एक पाऊल. लाल. अनवाणी. माझ्या तळहाताएवढंही नाही.

त्यानं पाणी घातलं. चोळलं. पुन्हा घातलं.

निघालं नाही. तसंच कफनात गुंडाळलं.