समुद्राकडच्या खोलीतल्या बाई

सुट्टीचं ठरवायला आम्ही तिघं रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. नवऱ्याला नुसतं झोपायचं होतं. लेकीला, बिट्टीला, लाटांत डुंबायचं होतं. मला समुद्राकडची खोली हवी होती, गॅलरी असलेली, आणि खोलीला कुबट वास नको होता. कित्येक वर्षांत आम्ही कुठे गेलो नव्हतो, कारण माझी रजा दर वेळी कोणाच्या तरी फुटलेल्या पाइपात वाहून जायची. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं ओरडणं ऐकायचं आणि घरी येऊन आपण ओरडायचं, हा माझा दिनक्रम आहे, असं नवरा म्हणतो.

"तिथे तरी कोणाशी भांडू नकोस," तो म्हणाला.

"ते नीट वागले तर कशाला भांडेन?"

मी हॉटेलला फोन लावला. काउंटरवरचा माणूस गोड बोलणारा होता. मी नाव सांगितलं, तारखा सांगितल्या.

"पण मॅडम, तुम्ही तर आमच्याकडेच उतरला आहात," तो म्हणाला. "खोलीत काही हवंय का?"

"मी माझ्या घरातून बोलतेय."

"असं?" तो जरा घुटमळला. "साहेब आणि छोटी आत्ताच नाश्त्याला खाली आलेत. छोटीचा पुढचा दात तुटलाय ना, तिला मऊ पाव दिलाय."

बिट्टीचा दात आदल्या संध्याकाळी बाथरूमच्या दारावर आपटून तुटला होता. ती माझ्यासमोर बसून चहात बिस्किट बुडवत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या नावावर कोणीतरी मजा मारतंय, आणि हा शहाणा मलाच विचारतोय काय हवंय म्हणून! मी त्याला चांगलं खडसावलं, फोन आपटला आणि त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या हॉटेलचा नंबर लावला. तिथे एक बाई होती. माझं नाव ऐकताच तिचा आवाज बारीक झाला.

"तुम्हीच ना त्या? खोलीला कुबट वास येतो म्हणून आम्हाला फैलावर घेतलंत आणि समोरच्या हॉटेलात गेलात. अहो, आम्ही खोली धुऊन घेतली. आता तरी राग सोडा."

मी हे सांगितलं तर नवरा पोट धरून हसला. "तूच ती! पैजेवर सांगतो, तूच!"

मला हसू आलं नाही.

त्यानंतर घरात वाळू दिसायला लागली. आधी बाथरूमच्या जाळीपाशी, मग बिट्टीच्या उशीवर. नवऱ्याची मान कॉलरच्या रेषेपर्यंत लालबुंद झाली. विचारलं तर म्हणाला, स्कूटरवर ऊन लागतं. दोरीवरचे टॉवेल काही केल्या वाळेनात, आणि त्यांना आमच्या साबणाचा वास येईना.

बिट्टीचे केस धुताना माझी बोटं गुंत्यात अडकली. केस राठ झाले होते, दोरखंडासारखे.

"कुठल्या वाळूत लोळून आलीस गं?"

"तूच तर किल्ला करायला बसवलंस."

"मी? कधी?"

तिने फेसातून एक डोळा उघडून माझ्याकडे निरखून पाहिलं. "तिथली तू," ती म्हणाली. मग हळूच, "ती ओरडत नाही."

मी ओरडलेच. काय करणार? नवरा मधे पडला, मुलं काहीही बोलतात म्हणाला. बोलताना तो मानेवरची सोलवटलेली कातडी काढत होता.

वाळूचं मला काही नव्हतं. वाळू झाडता येते. पण कोणी परकी बाई माझ्या माणसांवर हक्क सांगत होती आणि माझी माणसं तिला आतून सामील होती, याचा मला संताप येत होता. यांचे डबे मी भरते, यांच्या तापात मी जागते, आणि किल्ले करायला ती? मी सुट्टीचा विषय पुन्हा काढला. म्हटलं, उद्याच निघू, तिथे जाऊन त्या बाईला समोरासमोर धरते.

"परत कशाला?" नवरा म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

परत?

मी दुपारीच फोन लावला आणि थेट मॅनेजरला मागितलं. तो शांतपणे बोलणारा, वयस्क माणूस होता.

"त्या बाईला फोनवर बोलवा," मी म्हणाले.

"त्यांची बोलायची इच्छा नाही मॅडम. उलट त्यांनीच तुमच्याविरुद्ध तक्रार दिली आहे. कोणी बाई आमच्या नावाने फोन करून सुट्टीचा विचका करतेय, असं त्यांचं म्हणणं आहे."

"मग माझीही तक्रार घ्या!"

"घेतो ना. पण तुमची नंतरची."

आमच्या खिडकीवरही हेच चालतं. एकाच नळावर दोघांनी हक्क सांगितला, की ज्याची तक्रार आधी आली तो खरा धरायचा. दुसऱ्याचं पाणी तोडायचं आणि पुरावे आणा म्हणायचं. मी कितीतरी लोकांना तसं परत पाठवलं आहे. आणि इतके दिवस मी नुसती भांडत बसले होते. रीतसर तक्रार द्यायचं मलाच सुचलं नव्हतं!

"त्या कशा आहेत?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"सुरुवातीला फार तापट होत्या," मॅनेजर म्हणाला. "आता निवळल्यात. खूप हसतात. साहेबही खूश आहेत."

त्याच्या मागे लाटांचा आवाज येत होता. त्यात बिट्टीचं हसणं होतं. ती अशी खिदळते हे मी विसरूनच गेले होते.

मी मागे वळले.

बिट्टी खोलीच्या दारात उभी होती. हसत नव्हती. तिचे पाय ओले होते आणि फरशीवर तिच्या मागे पाण्याची रेघ होती.

"बिट्टी, इकडे ये," मी म्हणाले. शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले.

ती आली. माझ्या हातातून फोन घेतला आणि माझ्याकडे पाठ करून त्यात म्हणाली,

"आई, ती बाई अजून घरातच आहे."

पलीकडून कोणीतरी बोललं. आवाज माझा होता. फक्त त्यात राग नव्हता.

बिट्टीने मान हलवली आणि फोन बापाकडे नेला. त्याने ऐकून घेतलं. "हो," म्हणाला. "नाही, तसा काही त्रास नाही दिला. हो, सांगतो."

मी त्याला नावाने हाक मारली.

तो उठला. परक्या माणसाशी वागावं तसा जरा अवघडून हसला, माझ्या बाजूने अंग चोरून पुढे गेला आणि त्याने बाहेरचं दार उघडून धरलं.

माझ्या चपला उंबऱ्याबाहेर काढून ठेवल्या होत्या, टोकं जिन्याकडे करून.