जिवंत दाढ

मोरदऱ्यातल्या म्हाताऱ्यांचे दात राज्यात सर्वांत निरोगी असल्याचं ज्या आठवड्यात जाहीर झालं, त्याच आठवड्यात अनुसयाक्कांच्या धाकट्या जावेला, ताराला, पाणी गिळता येईना. तिचा गाल तर आधीच सुजला होता. आता सूज हनुवटीखाली उतरली आणि गळा तापलेला लागू लागला.

"दुखतंय का गं?" आक्कांनी विचारलं.

"न्हाय वो. नुसतं जड जड वाटतंय."

तारा खोटं बोलत नव्हती, आणि घात तिथेच होता. तिच्या कानामागे चिकटवलेली कळपट्टी शंभरात दोन दाखवत होती. दातांची गाडी यायला किमान साठ लागत.

कळपट्टी म्हणजे नखाएवढी पारदर्शक पट्टी. दातातून मेंदूकडे जाणारी कळ ती वाटेतच ऐकते आणि तिचा आकडा करून उपचाराच्या फिरत्या दंतगाडीला कळवते. माणूस खोटं बोलेल, नस बोलणार नाही, हे तिच्यामागचं साधं तत्त्व. त्यापूर्वी म्हातारी माणसं उदंड आणि दातांचे डॉक्टर मोजके अशी स्थिती होती, आणि उपचार मिळत ते ओळखीपाळखी असणाऱ्यांना. मग कायदा झाला, ज्याला जास्त कळ त्याचा नंबर आधी. गोळीसुद्धा आकड्याशिवाय मिळेना. सूज, पू, वास यांना कायद्यात किंमत नव्हती, कारण त्या गोष्टी कुणाच्या तरी डोळ्यांनी बघाव्या लागतात आणि डोळ्यांना नातेवाईक असतात. इतका न्यायी कायदा पूर्वी झाला नव्हता. लोकांनी पेढे वाटले होते.

मोरदऱ्यात पट्ट्या आल्या त्या दिवशी बायकांनी काय करावं? पाहुणे येणार म्हणून घर सारवावं तशी तोंडं लख्ख केली. पोरवयापासून लावलेली मशेरी, ती त्या दिवशी चार-चार वेळा लावली. भाजलेल्या तंबाखूची ती पूड हिरड्या बधिर करते, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, त्यासाठीच तर त्या ती लावत. पट्टीने कान देऊन ऐकलं आणि तिला काहीच ऐकू आलं नाही.

या शून्यांचं कोडं सोडवायला डॉ. वैदेही आगटे वाडीवर आल्या होत्या. बाई समाजशास्त्रज्ञ. म्हातारपण, दात आणि उपचार या तिन्हींची गाठ कुठे पडते आणि कुठे सुटते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. मुक्काम शाळेच्या खोलीत, जेवण आक्कांकडे. दोन्ही जावा विधवा, मुलं लांब, त्यामुळे ताटावर बोलायला कुणी आलं की दोघींना बरं वाटे.

"मशेरी सोडली तर ऐकू यील का हिच्या पट्टीला?" आक्कांनी विचारलं.

"आता नाही येणार, आजी. दाताच्या आत एक नस असते. कीड तिथवर पोचली की ती आरडाओरडा करते, तीच कळ. पण तुम्ही सगळ्याजणी वर्षानुवर्षं सोसता. सोसता सोसता नस मरते. ती मेली की कळ थांबते, पू थांबत नाही. ताराआजींच्या दाढांची मुळं तेवढी उरलीत आणि त्यांतल्या नसा केव्हाच गेल्यात. समोरचा तो एक दात तेवढा जिवंत आहे. गार पाण्याने शिवशिवतो ना, ते दोन त्याचेच."

"मग ह्ये वर सांगा की."

"सांगितलं. ते म्हणाले, वेदना नाही म्हणजे गरज नाही. उलट मोरदऱ्याचं अभिनंदन करा."

"तुमी डाक्तर न्हवं? तुमीच कापा आनि पू काढा."

वैदेहीबाईंनी मान खाली घातली. "मी दातांची डॉक्टर नाही, आजी. मी माणसं मोजते."

 आक्कांना बाईंचा राग आला नाही, कीव आली. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पट्टीला कळतं का वो, आपुन कुनाच्या कानामागं हाय ते?"

"नाही. ती फक्त नस ऐकते. नाव तिला आपण लावतो."

सकाळी वैदेहीबाई शाळेकडे गेल्यावर आक्कांनी ताराची पट्टी सोलून स्वतःच्या कानामागे लावली आणि स्वतःची ताराला. मग पानाच्या डब्यातून अडकित्ता काढला. आक्कांच्या तोंडात डाव्या बाजूला एक दाढ धडधाकट होती, आणि तिचा त्यांना भारी तोरा होता. बरोबरीच्या बायका सुपारी कुटून खात, आक्का अख्खं खांड कडाकडा फोडत. त्या दाढेवर त्यांनी अडकित्त्याची धार टेकवली.

तारा अंथरुणातून बघत होती. "आक्का, ह्ये काय करताय?"

"तू तिकडं त्वांड कर."

आवाज सुपारी फुटल्यासारखाच झाला. पुढची कळ डोळ्यांतून, कानातून, मानेतून एकदमच निघाली. आक्का भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदराचा बोळा तोंडात धरून कण्हत राहिल्या. आपण किती वर्षांत असं कण्हलो नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मशेरीच्या डबीकडे हात जात होता, तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला. पट्टीवर ब्याण्णव आकडा होता.

दुपार व्हायच्या आत पांढरी दंतगाडी वाडीवर आली. मोरदऱ्याने ती पहिल्यांदाच पाहिली. आत माणूस नव्हता. एक खुर्ची होती, छतातून लोंबणारे दोन यंत्रहात होते आणि बाईचा गोड आवाज होता.

"तारा गलांडे यांनी आत यावं."

आक्का आणि वैदेहीबाईंनी ताराला दोन्ही बगलांत धरून खुर्चीत बसवलं. बाईंनी आक्कांच्या सुजल्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. यंत्रहाताने ताराच्या जबड्यावरून हळुवार बोट फिरवलं. इकडून तिकडे, पुन्हा इकडे.

"वेदना आढळत नाही. आपली वेदना शमली आहे. अभिनंदन."

"शमली न्हाय!" आक्का ओरडल्या. "गळा बघ की तिचा! दिसत न्हाय व्हय तुला?"

गाडीला दिसत नव्हतं. गाडीला ऐकू येत होतं. वैदेहीबाईंनी हत्यारांच्या कप्प्यावर हात आपटले, स्वतःचं ओळखपत्र दाखवलं, शेवटी चक्क हात जोडले. यंत्रापुढे हात जोडणारी शिकलेली बाई आक्कांनी कधी पाहिली नव्हती.

"जवळच तीव्र वेदना आहे," गाडी म्हणाली. "त्या व्यक्तीने बसावं."

"मी न्हाय बसत."

"बसा वो आक्का," तारा घोगऱ्या आवाजात म्हणाली. तिला बोलायलाही आता कष्ट पडत होते. "तुमचं तरी हू द्या."

तिचा हट्ट मोडवेना म्हणून आक्का बसल्या. सुई कळलीसुद्धा नाही. फुटलेली दाढ गाडीने बघता बघता बांधून काढली, पण हात थांबले नाहीत. ते उजव्या बाजूला गेले, तिथल्या एका जुन्या मुळाखाली शिरले आणि त्यांनी चमचाभर घाण पू ओढून काढला. तिथे पू आहे याचा आक्कांना पत्ताच नव्हता. त्यांना तिथे कधी दुखलं नव्हतं.

"ह्ये काय करतीया?" बधिर जिभेने त्यांनी विचारलं.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "एकदा तोंड उघडलं की ती सगळं तोंड साफ करते. हे मला माहीत नव्हतं, आजी. आमच्या पाहणीत कुठल्याच म्हाताऱ्या माणसाचं तोंड गाडीने उघडलेलं नव्हतं."

आक्कांना समजायला क्षणभर लागला. म्हणजे कळ कुठल्या का दाताची असेना, ती त्याच तोंडात हवी होती. अडकित्ता ताराच्या त्या समोरच्या दाताला लावला असता तर गाडीने तिचा सगळा पू काढला असता. ताराला दुखू नये म्हणून आपण आपली दाढ फोडली. माया केली, आणि तीच चुकली.

त्या खुर्चीतून उठल्या त्या धावतच घरात गेल्या आणि अडकित्ता घेऊन बाहेर आल्या. तारा गाडीच्या पायरीवर बसली होती.

"आ कर, तारा. आ कर गं बाई माझी."

ताराने आपल्या परीने प्रयत्न केला. सुजेने जबडा आवळून धरला होता. ओठ हलले, दातावर दात तसेच राहिले. आक्कांनी बोट घातलं, चमचा घालून पाहिला, दातखीळ सुटेना, आणि अडकित्त्याचं पातं त्या दातामागे शिरेना. मागे गाडीचं दार लागलं. मोरदऱ्यात आता कुणालाच वेदना नव्हती, म्हणून ती निघून गेली.

तारा तिसऱ्या दिवशी गेली. शेवटी श्वासाची वाटच बंद झाली. कानामागे परत लावलेली तिची पट्टी अखेरपर्यंत दोनच्या वर गेली नाही, आणि वेदनारहित मृत्यू अशी तिची सरकारी नोंद झाली. वैदेहीबाईंनी आपला अहवाल पाठवला. उत्तर आलं की एका उदाहरणावरून कायदा बदलत नाही. त्या गेल्या तेव्हा आक्का त्यांना सोडायला वेशीपर्यंत गेल्या नाहीत. राग म्हणून नाही, घरातून पायच निघत नव्हता.

पंचक्रोशीत बातमी मात्र दुसरीच पसरली. मोरदऱ्याला दंतगाडी आली. म्हातारीचं सगळं तोंड साफ करून गेली. कशी आली, तेही लोकांना कळलं.

पंधरवड्यानंतर पलीकडच्या धनगरवाड्यावरचा बिरा आपल्या बापाला घेऊन आला. म्हाताऱ्याचा गाल तारासारखाच टरारला होता. बिरा उंबऱ्याशी घुटमळला, मग खाली बघत म्हणाला, "आक्का, तुमचा त्यो अडकित्ता..."

"कशाला?"

"आबांच्या नसा मराय लागल्यात. येक दाढ हाय अजून जित्ती. ती मरायच्या आत..." त्याने बापाला पुढे केलं. "माझा हात हुईना."

 नव्याने बांधलेल्या दाढेवर आक्कांची जीभ आपोआप फिरत होती. दाढ गुळगुळीत होती, काही दुखत नव्हतं. मग त्या उठल्या, पानाच्या डब्यातून अडकित्ता काढला, कढत पाण्याने धुतला आणि पदराला पुसला.

म्हातारा त्यांच्याकडे लेकरासारखा बघत होता. आक्कांनी त्याची हनुवटी डाव्या हाताने अलगद उचलली.

"कंची दाढ, दाजी?" त्यांनी विचारलं. "दावा. आनि आ करा."