ढप् की टण्

टॉर्च पिवळा पडला, लालसर झाला आणि विझला.

"येर्नेय, हलू नकोस," ब्रीना म्हणाली. गुहेत पुढे दोन पावलांवर विहिरीएवढा खड्डा होता. येताना ते भिंतीला चिकटून त्याच्या कडेने आले होते, आणि परतायची वाटही तीच होती.

"मी कुठे हलतोय? भिंतीलाच चिकटलोय," तिचा भाऊ म्हणाला. सात वर्षांच्या लुच्काने ताईचं जाकीट घट्ट धरलं होतं. ती रडत नव्हती, आणि त्याचीच ब्रीनाला जास्त भीती वाटली.

शरदातली, मृतांच्या स्मरणदिनाची सुट्टी होती. ड्रागोकाकांनीच गुहेसाठी टॉर्च आणि पिशवीभर सेल दिले होते. "भरपूर आहेत, मजा करा!" फोन घरी चार्जिंगला राहिले होते.

ब्रीनाने चाचपडत दोन सेल बदलले. क्षणभर उजेड, पुन्हा काळोख. आणखी दोन घातले, तरी तेच.

"नवे सेल असे कसे संपतील?" येर्नेयचा आवाज चिरका झाला होता.

ब्रीनाच्या बोटांना सेलवर काहीतरी गुळगुळीत लागलं. तिने वास घेतला. "मेण! हे थडग्यांवरच्या विजेच्या दिव्यांतले जुने सेल आहेत. शेजारच्या मेणबत्त्यांचं मेण लागलंय."

"पण ते दिवे तर लुकलुकत होते."

"त्या इवल्याशा दिव्याला चिमूटभर वीज पुरते. टॉर्चला घसघशीत लागते."

"मग आपण इथेच राहायचं?" लुच्काने विचारलं.

तेवढ्यात ब्रीनाला विज्ञानाच्या बाईंचा तास आठवला. "गप्प राहा, आणि ऐका."

तिने सपाट दगडावर चार बोटं उंचीवरून एक सेल उभा सोडला. टण्, टण्.

"उडतोय, म्हणजे बराच संपलाय. नव्या सेलमध्ये जस्ताची भुकटी ओल्या लगद्यात असते, म्हणून तो आपटला की बसतो. वापरून वापरून ती कडक होते, मग उड्या मारतो."

टण्. टण्. आठवा सेल पडला, ढप्! तिघांनी श्वास रोखला. चौदावाही ढप्.

टॉर्च पांढराशुभ्र लागला. लुच्काची कॉलर धरून ब्रीना खड्ड्याच्या कडेने पाऊल पाऊल सरकली. मागोमाग येर्नेय आला, आणि तिघे बाहेर पडले.

संध्याकाळी सगळं गाव दफनभूमीत दिवे लावत होतं. हकीकत ऐकून काका पांढरेफटक पडले. "लुकलुकत होते म्हणून चांगले समजलो गं. फेकवेनात, म्हणून नव्यांतच टाकले."

आजोबांनी ब्रीनाच्या डोक्यावर हात ठेवला. "तिघांना घरी आणलंस, पोरी."

काकांनी आजीच्या थडग्यावरच्या दिव्यासाठी नवा सेल काढला, ब्रीनाकडे पाहिलं आणि आधी दगडावर सोडला. ढप्.

"अजून एकदा टाका," लुच्का म्हणाली. तिने ताईचं जाकीट अजून सोडलं नव्हतं.