‘इफ’ नसलेलं वाक्य

रुमालात कवळी गुंडाळून आलेल्या माणसाच्या कुणी प्रेमात पडतं का हो? पण पडायचंच असलं की माणसाला सपाट फरशीसुद्धा पुरते.

दात बनवायच्या त्या लॅबमध्ये ती काउंटरमागे बसून मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवत होती आणि तोंडानं पुटपुटत होती, "आय वुड बी ग्लॅड... आय वुड बी प्राउड... आय वुड बी हॅपी..."

"इफ?" समोरून आवाज आला.

तिनं दचकून वर पाहिलं. समोर एक उंच तरुण उभा होता. हातात रुमाल, रुमालात दुभंगलेली कवळी आणि ओठांवर दाबून ठेवलेलं हसू.

"इफ काय?"

"वुड बी हॅपी म्हणताय ना? मग काय झालं तर हॅपी? ‘वुड’ म्हटलं की पाठोपाठ ‘इफ’ आलाच. तो सांगितला नाहीत तर ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो."

"मास्तर आहात का?"

"छे! टूरिस्टांना शहर दाखवणारा गाइड. दिवसभर तोंड वाजवतो, त्याचे पैसे मिळतात. ही माझ्या बाबांची. बेसिनमध्ये पडली."

तिनं तुकडे उजेडात धरून पाहिले. "जोडता येईल. इफ यू केम टुमॉरो, युवर फादर वुड बी हॅपी." आणि चेहरा अगदी गंभीर!

तो खळखळून हसला. ते हसू काही केल्या संध्याकाळपर्यंत तिच्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा तिनं सांगून टाकलं. परदेशातल्या एका मोठ्या लॅबमध्ये जागा होती, दोन वर्षांसाठी. मुलाखत व्हिडिओवर, इंग्रजीत. शिकायला लागल्यापासून तिनं त्या लॅबचीच स्वप्नं पाहिली होती. हात तिचा कसबी, पण इंग्रजी म्हटलं की बोबडी वळायची. "शिकवाल?" तिनं विचारलं.

मग काय! बाबांची कवळी कधी सैल व्हायला लागली, कधी टोचायला लागली. दर दोन-तीन दिवसांनी गाइड हजर. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"इफ आय वेअर लेट?" तो विचारायचा.

"आय वुड बी अँग्री."

"इफ आय डिड नॉट कम?"

"आय वुड बी..." ती अडखळली. त्याची नजर तिच्यावरून हलेना.

"बी...?"

"बिझी," ती म्हणाली आणि मेणात मान खुपसली.

एके दिवशी मात्र बाबा स्वतःच आले, मुलाला पुढे घालून. "पोरी, माझ्या कवळीत खोट काय आहे ते एकदा सांगून टाक बाई. मला तर झकास बसते. पण हा उठसूट काढून नेतो आणि मी सूप पीत बसतो."

गाइड छताकडे बघायला लागला. ती कानापर्यंत लाल झाली. बाबांनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं, "अस्सं होय!" म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

"कवळी टोचते म्हणे," ती कशीबशी म्हणाली.

"टोचत होतं," तो हळूच म्हणाला. "कवळी नव्हती एवढंच."

पण त्यापुढे शब्द नाही! दिवसभर बोलणाऱ्या माणसाचं नेमकं इथेच घोडं अडलं. आणि मुलाखत तर येऊन ठेपली. त्यानं ‘जाऊ नको’ म्हटलं तर? आपण थांबू, आणि जन्मभर चुटपुट लागेल. आणि तसं म्हटलंच नाही तर? मग आपण त्याच्या कुणीच नाही का? इकडे आड, तिकडे विहीर.

मुलाखतीला तिनं त्याला लॅबच्या मागच्या खोलीत नेलं. चारी बाजूंना प्लास्टरची पोती, मध्ये टेबल, टेबलावर लॅपटॉप. "तू लॅपटॉपच्या पलीकडे बस. एक अक्षर सुचवायचं नाही."

"मग माझा उपयोग काय?"

"तू समोर असलास की माझी बोबडी वळत नाही."

तो पलीकडे जाऊन बसला. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या मॅडम आल्या. दातांचा रंग, वरखालच्या दातांचा चावा, पॉलिश, सगळ्याची उत्तरं तिनं धडाधड दिली. मॅडम खूश दिसत होत्या. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "टू इयर्स, फार फ्रॉम होम. वुड यू बी लोनली?"

उत्तर तोंडपाठ होतं. नो मॅडम, आय वुड बी बिझी. त्यानंच पक्कं करून घेतलं होतं. तिनं पडद्यावरून पलीकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता, दोन्ही हात घट्ट आवळून...

"येस, मॅडम," ती म्हणाली. "आय विल बी लोनली."

"वुड बी," मॅडमनी हळुवारपणे चूक सुधारली.

"नो, मॅडम. विल."

‘वुड’ म्हणजे जर-तरचा मामला. आणि हे जर-तर कधीच संपलं होतं. ती जाणार होती आणि तिला त्याची आठवण येणार होती, दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या होत्या. घालवली नोकरी, तिला वाटलं. पण शब्द मागे घ्यावासा वाटेना.

मॅडम पडद्याजवळ सरकल्या. "इज देअर समवन?"

"येस."

"डज ही नो?"

"आय थिंक... ही नोज नाऊ. ही इज सिटिंग हिअर."

पलीकडे खुर्ची धाडकन मागे सरकली. गाइड उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि प्लास्टर माखल्या शर्टानिशी तिच्या शेजारी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. मॅडमना हसू फुटलं. सकाळपासून जो तो ‘वुड बी हॅपी’ म्हणतोय, त्या इंग्रजीत म्हणाल्या, खरं बोललेली तू पहिलीच. पुढच्या महिन्यात ये. मग त्या गाइडकडे वळल्या. "अँड यू, यंग मॅन? वुड यू बी अँग्री इफ शी केम टू अस?"

तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"नो, मॅडम," तो म्हणाला. "आय विल बी प्राउड. आय विल बी वेटिंग."

मग तो तिच्याकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "आणि तुझं विमान उडालं की मी ढसाढसा रडेन. ते तेवढं यांना सांगू नकोस."

"व्हॉट डिड ही से?" मॅडमनी विचारलं.

तिनं टेबलाआड त्याचा हात घट्ट धरला. डोळे वाहत होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"नथिंग, मॅडम," ती म्हणाली. "ग्रामर."