मीठ बघ गं

मोबाईल खाली ठेवा सगळ्यांनी. आणि भाचेबुवा, ते दार जरा लोटून घ्या. भीती वाटते म्हणून नाही, वारा येतोय.

ही गोष्ट आमच्या वायरमनची. माझ्याबरोबर अठरा वर्षं खांबांवर चढलेला माणूस. खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात. हे सांगताना झाले नव्हते. मी मुद्दाम बघितलं.

गेल्या नोव्हेंबरची अठरा तारीख, मंगळवार. त्याची सात वर्षांची मुलगी तापाने दवाखान्यात होती. पाच दिवस पोटात अन्नाचा कण नाही. चमचा दिसला की तोंड फिरवायची. त्या रात्री साडेअकराला तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "बाबा, तुमचे तिखट गोळे हवेत." डॉक्टर म्हणाले, "मागतेय ना? द्या. एक घास गेला तरी पुष्कळ." बायको तिच्यापाशी थांबली आणि हा घरी निघाला. रिक्षा मिळेना. चाळीस मिनिटं चालला. घर म्हणजे आठवड्यापूर्वी भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या. निम्मी खोकी अजून बांधलेलीच.

"म्हणजे घर झपाटलेलं होतं!"

"तू सांगतेस की मी सांगू?"

तर... मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावला आणि हा स्वयंपाकघरात गेला. चिंचोळी खोली. समोर गॅस, त्यावर लोखंडी जाळीची खिडकी, आणि दार पाठीमागे. बाहेर पडायला तेवढंच. त्याने कणीक घेतली, ठेचलेली मिरची, लसूण, जिरे, ओवा, मीठ घातलं, मोहन घालून मळली आणि झाकून ठेवली. एक वाजता कढई चढवली. पिठाची चिमूट तेलात टाकली, ती तरंगत वर आली. मग पहिला गोळा सोडला.

आता त्यांच्या घरची एक सवय सांगतो. गोळे नेहमी हाच करायचा, आणि कच्चं पीठ कधी चाखायचा नाही. पहिला गोळा तळला की झाऱ्यावरून बशीत घ्यायचा, आणि तेलावरची नजर न काढता बशी खांद्यामागे धरून म्हणायचा, "मीठ बघ गं." मागे बायको उभी असायची. ती फुंकर मारून चावायची आणि सांगायची, कमी की बरोबर. लग्नाला दहा वर्षं झाली, दहा वर्षं हेच.

त्या रात्रीही त्याने बशी मागे धरली. म्हणाला, "मीठ बघ गं."

आणि जीभ चावली. बायको तर दवाखान्यात. स्वतःशीच हसला, बशी पुढे घेतली...

बशी रिकामी होती.

मागून चावल्याचा आवाज आला. सावकाश. मग कोणीतरी म्हणालं, "कमी आहे."

"बाईचा आवाज, मामा?"

"बाईचा. त्याच्या बायकोचा नव्हे."

"मग वळून बघितलं का नाही?"

"आत्ता तुझ्या मानेवर कोणी श्वास सोडला, तर तू बघशील?"

...

नाही बघणार ना? त्यानेही नाही बघितलं.

त्याने मीठ घातलं. पीठ परत मळलं. दुसरा तळला. बशी मागे धरायची नाही असं ठरवलं होतं. हात आपोआप गेला.

"अजून कमी."

तिसरा. "अजून." चौथा. पाचवा. मिठाची बरणी खरवडून झाली. आणि दर खेपेला आवाज एक पाऊल पुढे. समोर उकळतं तेल. मागे ती. मधे हा. वीतभर जागा नाही. गॅस बंद करावा म्हणून हात नेला, तर मनगटावर काहीतरी टेकलं. मऊ. ओलं. मळलेल्या पिठासारखं.

त्याने हात मागे घेतला. पुढचा गोळा सोडला.

दोन वाजता बाहेर फोन वाजला. वाजला, वाजला, थांबला. परत वाजला. दवाखान्यातून असणार. मुलीचं काही... चार पावलांवर फोन. त्याला पाय उचलेना.

फोन थांबला.

पातेल्यात एका गोळ्याचं पीठ उरलं होतं. मग मागून तिने विचारलं. अगदी कानाशी.

"कोणासाठी करतोस?"

मुलीचं लाडाचं नाव जिभेवर आलं होतं. ओठांपर्यंत आलं. त्याने गिळलं.

"कोणासाठी?"

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "सगळे... तुझ्यासाठीच."

...

...

"हं."

गॅस विझला. बाहेरच्या दाराची कडी कोणीतरी काढली.

अनवाणी पळाला तो. थेट दवाखान्यात. अडीच वाजले होते. हात रिकामे. बायको दारातच उभी, रागाने लाल.

"कुठे होतात? दोनदा फोन केला!"

"पोरगी..."

"हळू बोला, आत्ताच झोपलीय. ताप उतरलाय. चार खाल्ले तिने, वर पाणी मागितलं."

"चार... काय खाल्ले?"

"काय म्हणजे? गोळेच की! दोनला पाच कमी असताना दारातून हात आत घातलात, डबा दिलात आणि निघून गेलात. दोन मिनिटं आत यायला काय झालं होतं?"

स्टुलावर ॲल्युमिनियमचा डबा होता. झाकण लावलेला. त्यांच्या घरात तसा डबा नव्हता, कधीच नव्हता. तो स्टुलापासून लांब बसला आणि रात्रभर पोरीचा श्वास ऐकत राहिला.

"आणि मुलगी, मामा?"

"सहाला उठून बसली. दूध प्यायली. आता शाळेत जाते, ठणठणीत आहे."

त्या सकाळी सहालाच नर्स आली. स्टूल पुसायचं म्हणून तिने डबा उचलायला हात घातला आणि "आई गं!" म्हणून मागे झाली. बोटांवर टचकन फोड आले.

चार तास झाले होते. डबा तव्यासारखा तापलेला होता.