उजेड कमी आहे

पटाचा रंग कोणता हवा, इथूनच ताईचं डोकं फिरायला सुरुवात झाली.

संगणकाने तिच्यापुढे रंगांची रांग मांडली होती. संगमरवरी, समुद्री, पिस्ता, आणि एक तर चक्क गुलाबी. बुद्धिबळ खेळायचंय की पडदे शिवायचेत, असं पुटपुटत ती एकेक रंग लावून बघत होती आणि एकेकाला नावं ठेवत होती. मग सोंगट्या कशा हव्यात. मग घड्याळ हवं का. मग सोंगटी मारल्यावर आवाज कोणता हवा, लाकडाचा, धातूचा की टाळ्यांचा. आजवर तिच्यासाठी टाळ्या कुणी वाजवल्या होत्या म्हणून आता हे यंत्र वाजवणार? तिने आवाज लाकडाचा ठेवला आणि पट तपकिरी केला.

हा उद्योग दादाचा, म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा. तो दूरच्या शहरात राहायचा आणि तिथून सल्ले द्यायचा. वर्षभरापूर्वी अण्णा, म्हणजे त्यांचे वडील, गेले. तेव्हापासून ताई फोनवर नुसती फणफणत असते, तिला काहीतरी विरंगुळा हवा, असं त्याने परस्पर ठरवलं आणि हा ऑनलाइन बुद्धिबळाचा प्रोग्रॅम तिला लावून दिला. खेळलीस की राग निवळेल, म्हणाला. राग नाकावरचा असता तर निवळलाही असता. हा तीस वर्षं मुरलेला होता. वर्कशॉप अण्णांचं, घर अण्णांचं, हातातली कला अण्णांनी शिकवलेली. राग तेवढा तिचा स्वतःचा होता.

वर्कशॉप कवळ्यांचं. डॉक्टरांकडून रुग्णांच्या तोंडाचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतून जबडा करायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि कवळी तयार करून परत पाठवायची. रस्त्याकडेला मोठी खिडकी, खिडकीशी ताईचं टेबल, टेबलावर मान वाकवता येणारा दिवा. मागच्या कोपऱ्यात पॉलिशचं चाक आणि चाकावर मावशी. सगळे त्यांना मावशीच म्हणत, कुणाच्याच मावशी नसल्या तरी. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आपलं भरतंय बघा, हा त्यांचा विनोद ताईने इतक्यांदा ऐकला होता की आता हसण्याऐवजी ती फक्त मान हलवायची.

जेवणाच्या सुट्टीत मावशी डबा उघडत होत्या आणि ताई सेटिंग चाळत होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: ‘तुमचा प्रतिस्पर्धी घडवा.’ नाव द्यायचं. खाली एकेका गुणापुढे आडवी पट्टी आणि पट्टीवर एक ठिपका. ठिपका डावीकडे सरकवला की तो गुण कमी, उजवीकडे सरकवला की जास्त. जिद्द, संयम, धाडस, राग. तळाशी घडवणाऱ्याचं नाव.

ताईचा हात थबकला. माणसाचा जबडा ठशावरून घडवणं हा तिचा रोजचा धंदा. तिने नावाच्या जागी ‘अण्णा’ लिहिलं. जिद्द पूर्ण. संयम जवळजवळ शून्य. धाडस निम्मं, कारण अण्णांचं धाडस घरातल्या माणसांपुरतंच होतं. राग पूर्ण. तळाशी प्रोग्रॅमने आपणहून तिचं नाव घातलं.

अण्णा कधी हरले नाहीत, असं नातेवाईक अजून कौतुकाने सांगतात. कसे हरतील? ताई पंधरा वर्षांची असताना शाळांच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली. मला हरवून दाखव, मग पाठवतो, म्हणाले. सुट्टीचा दिवस होता. याच खिडकीशी पट मांडला होता, पटावर रखरखीत ऊन पडलं होतं. तिचा हत्ती आत घुसला होता, वजीर त्याच्या पाठीशी होता, अण्णांचा राजा आपल्याच प्याद्यांमागे कोंडला होता. तीन चालींत मात. अण्णांनी एकदा पटाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग डोळे बारीक केले. “उजेड कमी आहे,” म्हणाले, “उद्या बघू.” आणि पट मिटला. सोंगट्या आतल्या आत खडखडल्या.

तो उद्या कधी उजाडला नाही. स्पर्धेला दादा गेला आणि पहिल्याच फेरीत हरून आला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. या माणसाने सूर्यच वाकडा ठरवला. वर तिचीच चेष्टा. ती चिडली की तिला ‘ठिणगी’ म्हणायचे. घरात तेवढ्यावर सगळे हसायचे.

पहिला डाव सुरू झाला. काळ्या सोंगट्या अण्णांच्या. चौथ्या-पाचव्या चालीला त्यांनी घोडा हलवला, आणि हलवण्याआधी स्पीकरमधून बारीक आवाज आला. कट्.

ताईने दुर्लक्ष केलं. पुढच्या चालीआधी पुन्हा. कट्. तिने सेटिंग उघडून आवाज बंद केला. लाकूड बंद झालं. कट् बंद झालं नाही. तिने स्पीकरची वायरच उपटली.

कट्.

“कुणाची तरी कवळी सैल झालीय,” मावशी घास चावत म्हणाल्या. मग चावायच्या थांबल्या. “खालची.”

अण्णांची खालची कवळी ताईनेच केली होती. पुढे हिरड्या झिजल्या आणि ती सैल पडली. नीट बसवून देते म्हटलं, की मुळात तुझं मापच चुकलंय म्हणायचे. विचार करताना ती जिभेने उचलायची आणि परत बसवायची, ही त्यांची सवय. मावशींनी डब्याचं झाकण लावलं. डबा अर्धा ठेवून त्या चाकाकडे गेल्या आणि पॉलिशला काही नसताना चाक चालू करून बसल्या.

दुसरी एखादी घाबरली असती. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यावरही माणूस गप्प बसू नये? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा. तिने सेटिंग उघडलं आणि अण्णांच्या रागाचा ठिपका धरून डावीकडे, पार टोकाला नेला.

अण्णा बदलले. वजीर फुकट देऊ लागले. तिची चूक झाली की पटाच्या बाजूला अक्षरं उमटत, ‘परत घे हवं तर. सावकाश खेळ.’ एकदा तर ‘छान’ असंही उमटलं. ताईने खुर्ची मागे सारली. ज्या तोंडाने आयुष्यात कधी छान म्हटलं नाही, त्या तोंडात हा शब्द तिला पेलवेना. हे अण्णा नव्हेत, हा कुणीतरी बापुडा, पिळून काढलेला म्हातारा. याला हरवून काय मिळवायचं? तिने ठिपका परत उजव्या टोकाला नेला. लगेच कट् ऐकू आलं, आणि खरं तर तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सेटिंगमध्ये आणखी एक सोय शोधून काढली. हवा तसा पट मांडून तिथूनच डाव सुरू करता येत होता. तिला आठवावं लागलंच नाही. तीस वर्षांपूर्वीचा तो पट तिने एकेक सोंगटी ठेवत जसाच्या तसा मांडला. तिची चाल. तिने हत्ती उचलला.

संगणकाचा पडदा अंधारला.

एकदम नाही, कुणीतरी दिव्याची वात उतरवावी तसा. बाहेर टळटळीत ऊन होतं, खिडकीची चौकट टेबलावर पांढरी पडली होती. काळ्या सोंगट्या आणि काळी घरं एक झाली. बाजूला अक्षरं आली: ‘उजेड कमी आहे. उद्या बघू.’ आणि पट मिटला.

ताईने टेबलावर मूठ आपटली. मेणात दात बसवलेला एक अख्खा जबडा खाली पडून फुटला. तिने पडद्याचा उजेड वाढवून कायम केला, संदेश बंद केले, डाव पुन्हा मांडला. पुन्हा तेच. पुन्हा मांडला. पुन्हा तेच. शेवटी तिने दादाला फोन लावला आणि सरळ विचारलं, ही असली थट्टा त्याने त्या प्रोग्रॅममध्ये घालून ठेवली आहे का.

कसली थट्टा, हेच दादाला समजेना. तिने ते वाक्य वाचून दाखवलं.

“भर दुपार होती गं,” दादा म्हणाला. “मी दारात उभा होतो. तू जिंकली होतीस.”

तीस वर्षं ती हे वाक्य त्याच्याकडे मागत होती. दरवेळी तो विषय बदलायचा, मला काही आठवत नाही म्हणायचा. आज बोलला. आता ताईला फक्त एकच हवं होतं, की हेच अण्णांनी कबूल करावं. जिंकलीस, एवढा एक शब्द. निदान त्यांचा राजा पटावर आडवा पडलेला तिला बघायचा होता.

तिसऱ्या दिवशी तिने कामाला हात लावला नाही. भर सकाळी खिडकीचा पडदा पार बाजूला सारला, मावशींना चाक बंद ठेवायला सांगितलं आणि सेटिंगचं पान न पान पालथं घातलं. डाव तहकूब करायची सोय बंद. चाल परत घ्यायची सोय बंद. बरोबरी मागायची सोय बंद. अंधारा पट कायमचा बंद. पळायला एकही वाट तिने ठेवली नाही. मग पट मांडला.

तिने हत्ती पुढे टाकला. संगणकाचा पडदा लख्ख राहिला. कट्, आणि अण्णांच्या राजाने तो खाल्ला. दुसरी चालच नव्हती. तिने वजिराने शह दिला. कट्. राजा कोपऱ्यात सरकला. आता एक चाल. वजीर एक घर पुढे, की मात.

कट् ऐकू आलं नाही.

ताईचा हात थांबला. हा माणूस असा सहज सापडायचा नाही. तहकुबीची सोय परत चालू झाली नाही ना, हे बघायला तिने सेटिंग उघडलं. सगळं बंदच होतं. मग तिचं लक्ष शेवटच्या पानावर गेलं. घडवलेल्या प्रतिस्पर्ध्यांत ‘अण्णा’ होते. त्यांच्याखाली आणखी एक नाव होतं.

ठिणगी.

हे तिने घडवलं नव्हतं. तळाशी घडवणाऱ्याचं नाव होतं: अण्णा.

जिद्द पूर्ण. संयम खूप. धाडस निम्म्याच्या जरा खाली; तेवढ्यावरून तिने दात-ओठ खाल्ले. राग पूर्ण, ठिपका उजव्या टोकाला टेकलेला. निदान माप तरी बरोबर घेतलंय, तिला वाटलं.

कट्.

ठिपका किंचित डावीकडे सरकला.

ताईने माऊस घट्ट धरून तो उजवीकडे ओढला. तो हलला नाही.

कट्.

तिला ती स्पर्धा आठवली. दादाची नवी बॅग आठवली. पण ती बॅग नुसतीच बॅग होती. स्पर्धा काय, दरवर्षी व्हायच्या.

कट्.

कवळीचं माप. चुकलं असेलही. तेव्हा हात नवा होता.

“नको,” ती म्हणाली. आवाजात जोर नव्हता. “अण्णा, नको. एवढं एक माझं आहे.”

कट्.

तिने माऊस सोडून पटाकडे पाहिलं. वजीर एक घर पुढे टाकायचा होता, एवढं तिला कळत होतं. का टाकायचा, ते मात्र सांगता येत नव्हतं. समोर म्हातारा माणूस होता. कोपऱ्यात अडकला होता.

कट्. ठिपका डाव्या टोकाला टेकला.

तिने ‘हार मान्य’ असं लिहिलेलं बटण शोधलं आणि दाबलं.

मावशींनी मागून दबक्या आवाजात विचारलं, जिंकलात का. नाही, ताई म्हणाली, आणि वळून इतकं छान हसली की मावशी दाराजवळ सरकल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. ताईने फुटलेल्या जबड्याचे तुकडे गोळा केले, नवं मेण तापत ठेवलं आणि कामाला लागली.

दुपारी दादाचा फोन आला. रात्रभर झोप लागली नाही, म्हणाला. तेव्हाच बोलायला हवं होतं, मी भ्यालो, तू मला हवं तेवढं बोल, शिव्या घाल. ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तुझा खोकला कसा आहे, असं विचारलं.

“तू ठीक आहेस ना?” दादा म्हणाला. “अगं, मी सांगतोय तुला. तूच जिंकली होतीस.”

“नाही रे,” ताई म्हणाली. “उजेडच कमी होता त्या दिवशी.”

तिने फोन ठेवला. ऊन सबंध टेबलभर पसरलं होतं. मेणात दात बसवायला ती वाकली, जरा थांबली, डोळे बारीक केले, आणि हात लांब करून टेबलावरचा दिवा लावला.