मागं ठेवलेली फाईल

हसायचं असंल त्यानं खुशाल हसावं. पण हे खरं आहे, माह्याच घरी झालेलं. मोहाडीले, २०१८ च्या मे महिन्यात.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

माहा मोठा भाऊ अंकुर घरूनच एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करे. माउसले हात लावत नसे. काळ्या स्क्रीनवर नुसती बोटं चालत. मलेही त्यानंच शिकवलं, डोकं खाल्लं माहं. "लिहिता लिहिता दुसरं काम आलं तं फाईल बंद नको करू. मागं ठेव. मंग एफजी ही दोन अक्षरं लिहून एंटर दाब, सोडली तिथूनच पुढं येते."

एप्रिलमध्ये तुमसर रोडवर ट्रकनं त्याले उडवलं. जागीच गेला.

त्याची बायको, आमची तेजस्विनी वहिनी, तेव्हापासून दारातच बसून राहे. मोटारसायकल वाजली की उठे. जेवण नाही, झोप नाही. ही पोरगी हातची जाते का काय, हीच आईले धास्ती.

त्याच्या वस्तू तिच्या डोळ्यापुढं नको, म्हणून त्या दुपारी मी त्याचा लॅपटॉप काढला. सगळं पुसून कंपनीले परत करायचा होता. उन्हाच्या झळा लागतात म्हणून आईनं दार लोटून वहिनीले आत नेलं होतं. महिनाभर बंद पडलेली मशीन. चार्जर लावून सुरू केली, काळी स्क्रीन उघडली.

आणि सवयीनं बोटं चालली... एफजी.

आता ऐका. नुकत्याच सुरू केलेल्या मशीनमध्ये मागं काहीच नसते. "असं काम नाही" एवढंच उत्तर येते.

ते आलं नाही.

फाईल पुढं आली.

रिकामी होती. मंग कर्सर सरकला... आईशप्पथ, माहे हात मांडीवर होते.

"तेजू."

गल्लीतले हातमाग एकदम चूप झाले. डोक्यावर पंखा फिरून राहिला होता, पण आवाज नव्हता.

"तेजू, दार लोटलेलं काहून आहे?"

मी बंद करायचं बटन दाबून धरलं. मशीन बंद होईना.

मागं वळलो तं... वहिनी उभी.

तिनं ते वाचलं होतं. मी म्हटलं, "वहिनी, हात नका लावू."  तिनं मले बाजूले सारलं. एका बोटानं शोधत शोधत एकच शब्द लिहिला.

"या."

आणि जाऊन दार सताड उघडलं.

स्क्रीन आपोआप विझली. हातमाग पुन्हा सुरू झाले. दारात नुसतं ऊन होतं, कोणी नव्हतं. पण वहिनी कोणाले तरी वाट द्यावी तशी बाजूले सरकली.

त्या दिवसापासून ती दारात बसत नाही. मोटारसायकल वाजली तरी उठत नाही. पोटभर जेवते, खोलीत एकटीच हसते. सावरली पोरगी, म्हणते आई.

पण वाट पाहणं कायले सुटलं, ते मले माहीत आहे.

दुपारचा मी आता घरी थांबत नाही.